टर्बो गाडीचा हीटर गार मारतोय? आधी कूलंट बघा, मग बाकीचं

मागच्या डिसेंबरात साताऱ्याहून मनालीला गेलो होतो, स्वतःची गाडी घेऊन, सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). गाडी कुठली ते विचारू नका, दोष कंपनीचा नव्हताच. तर सकाळी सहाला हॉटेलातून निघालो, बाहेर उणे चार-पाच, हीटर फुल्ल गरमवर, ब्लोअर चारवर, आणि आतून येतोय काय तर पंख्याचा वारा. म्हटलं इंजिन तापलं की येईल. दहा किलोमीटर झाले, पंधरा झाले, तरी कोमटच. मागे अण्णा शाल गुंडाळून बसलेले, ते म्हणाले, "अरे हा हीटर आहे का उन्हाळ्यातला कूलर?"

आता खरी गंमत सांगतो. ही गाडी माझ्याकडे दीड वर्ष होती आणि दीड वर्षात मी हीटर एकदाही लावला नव्हता. साताऱ्यात कशाला लागतोय राव? आपल्याकडे निम्म्या लोकांना एसीच्या बटणाशेजारचा तो लाल पट्टा कशासाठी आहे हेच माहीत नसतं. आणि म्हणूनच आपल्याकडच्या गाड्यांत कूलंटचे (म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) रोग वर्षानुवर्षं लपून राहतात, कारण हीटर हा कूलंट सिस्टीमचा फुकटचा थर्मामीटर आहे आणि आपण तो कधी बघतच नाही. टर्बो गाडीत तर हे जास्तच महागात जातं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, मी काय काय तपासलं, कुठे चुकलो, आणि कुठल्या क्रमाने बघायचं.

आधी हीटर चालतो कसा ते एका मिनिटात. हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट उचलतं, वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंपच, पण गॅरेजात सगळे वॉटर बॉडीच म्हणतात) ते कूलंट फिरवते, त्यातलं थोडं डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं. त्याला आपले फिटर हीटर कॉईल म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा मारतो आणि गरम हवा आत येते. बास एवढंच. म्हणजे गरम हवा येत नसेल तर तीनच गोष्टी असू शकतात: कूलंट तापत नाही, तापलेलं कूलंट कॉईलपर्यंत पोचत नाही, किंवा कॉईल तापलीय पण हवा तिच्यावरून जात नाही. चौथं काही नसतं. या तिघांतलं कुठलं ते ठरवलं की निम्मं काम झालं, आणि ते ठरवायला गॅरेजलाही जावं लागत नाही.

इंजिन गार असताना बॉनेट उघडा

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं. गरम गाडीचं कूलंटचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, मी एकाचा हात भाजलेला डोळ्यांनी बघितलाय. आत प्रेशर असतं, झाकण सैल झालं की ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

कूलंटच्या बाटलीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात, लेव्हल त्यांच्यामध्ये पाहिजे. मिनच्या खाली असेल तर हीटर गार असण्याचं कारण बहुतेक तिथेच सापडलं, कारण बऱ्याच गाड्यांत हीटर कॉईल उंचावर असते, कूलंट कमी झालं की सगळ्यात आधी तिच्यात हवा भरते, इंजिनला मात्र अजून पुरेसं मिळत असतं त्यामुळे डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मधेच दिसतो आणि आपण निवांत. म्हणजे हीटर गार पडणं ही पहिली घंटा असते, काटा लाल होणं ही शेवटची.

पण फक्त टॉपअप करून विषय संपवू नका. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपणारी गोष्ट नाही, ते बंद सर्किट आहे. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गेलंय. कुठे गेलं ते पुढे सांगतो, टर्बोवाल्यांना तिथे जास्त लक्ष द्यायचंय.

लेव्हल बघताना रंग पण बघा. चहासारखं तांबूस गढूळ असेल तर गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा मळकट साय असेल तर ऑइल कूलर किंवा हेडचं पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), दोन्ही वाईट. आणि अगदी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसत असेल तर ते खरंच नळाचं पाणी आहे, माझ्या गाडीत तसंच होतं. मनालीच्या फिटरने हायड्रोमीटरमध्ये (कूलंट किती पातळ आहे ते दाखवणारी नळी) थोडं ओढलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "साब, इसमें तो पानी ही पानी है, रात को जम जाता तो ब्लॉक फट जाता." माझ्या पोटात गोळाच आला. साधं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना फुगतं, हे शाळेत शिकलो होतो पण आपल्या इंजिनाला ते लागू आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही.

काट्यावर विश्वास ठेवू नका

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा खोटारडा असतो, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. कूलंट पंचाहत्तर डिग्री असो का एकशे पाच, बऱ्याच गाड्यांत काटा मधेच उभा, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरायला नको. काही नवीन गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. त्यामुळे एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) घ्या, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाईलवर कूलंट टेंपरेचरचा खरा आकडा बघा. हा एक खर्च तुमचे बाकीचे दहा खर्च वाचवतो.

गार गाडी सुरू करून चालवायला घ्या आणि आकडा बघत राहा. आपल्याकडच्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत ८० च्या वर गेला पाहिजे आणि मग ८५ ते १०० च्या मधे कुठेतरी स्थिर झाला पाहिजे, गाडीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. ट्रॅफिकमध्ये थोडा वर जातो, फॅन लागला की खाली येतो, हे ठीक. पण हायवेला लागलं की आकडा ६५-७० वर घसरत असेल आणि सिग्नलला उभं राहिलं की परत वर येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा थर्मोस्टॅटच नाहीये.

हो, नाहीये. हे आपल्याकडचं खास दुखणं आहे, आणि माझ्या गाडीचं मुख्य दुखणं हेच निघालं.

"साहेब, वॉल्व्ह काढून टाकलाय, आता गाडी कधीच तापणार नाही"

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा छोटासा वॉल्व्ह. कूलंट गार असेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो म्हणजे इंजिन पटकन तापतं, साधारण ८२ ते ९० डिग्रीला मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. किती डिग्रीला उघडायचा तो आकडा बहुतेक त्याच्यावर कोरलेलाच असतो.

आता आपल्याकडे गाडी कधी गरम झाली की जुन्या वळणाचे फिटर पहिलं काम काय करतात तर थर्मोस्टॅट काढून फेकतात. लॉजिक असं की आपल्या देशात एवढं ऊन, कशाला पाहिजे तो. आणि वरवर बघता गाडी खरंच गार चालते, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन कधीच नीट तापत नाही, मग ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल मारत राहतो, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ आणि घाण होतं. आणि टर्बोचा दांडा दीड-दोन लाख आरपीएमने फिरतो तो याच ऑइलच्या पातळ थरावर, त्याला दुसरा आधार नाही. म्हणजे पाच-सातशे रुपयांचा वॉल्व्ह काढून तुम्ही पन्नास हजारांच्या टर्बोला हळूहळू विष घालताय. वर काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट पण बंद करत असतो, तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता शॉर्टकटनेच फिरत राहतं आणि घाटात गाडी उलट तापते. म्हणजे दोन्हीकडून वांदे.

मनालीच्या त्या फिटरने निदान कसं केलं ते ऐका, मला फार आवडलं. ना स्कॅनर, ना काही. त्याने बिस्किटाच्या बॉक्सचा पुठ्ठा फाडला, रेडिएटरच्या समोर निम्मा भाग झाकेल असा खोचला आणि म्हणाला एक चक्कर मारून या. चार किलोमीटर गेलो असेन, हीटर गरम! अण्णांनी शाल काढली. पुठ्ठ्याने गार हवा अडली आणि इंजिन तापलं म्हणजे कॉईल चांगली, पंप चांगला, आत चोक नाही, फक्त कूलंट तापत नव्हतं. थंडीच्या भागातले ट्रकवाले हे नेहमी करतात. फक्त हे फार थंडीतच करायचं, आकड्यावर नजर ठेवून, आणि खाली मैदानात उतरलात की पुठ्ठा आठवणीने काढायचा, नाहीतर इंजिन शिजेल.

तुमच्याकडे पुठ्ठ्याइतकी थंडी नसेल तर हाताने तपासा. गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाईपला दर मिनिटाला हात लावून बघा, फॅन आणि बेल्टपासून बोटं लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाईप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल्व्ह उघडा आहे. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाईपच्या बाजूला असतो, तिथे हीच टेस्ट खालच्या पाईपवर.) स्कॅनरवर पी०१२८ कोड आला असेल तर तोही हेच सांगतोय, की इंजिन जेवढं तापायला पाहिजे तेवढं तापत नाही.

घरी आल्यावर मी स्वतः हाऊसिंग उघडलं. १० नंबरचे दोन बोल्ट, आत बोट घातलं तर पोकळी. नुसती रिकामी पोकळी आणि कडेला जुन्या रबरी रिंगचा काळा तुकडा चिकटलेला. आधीच्या मालकाच्या फिटरची कृपा. नवीन ओरिजिनल आणला आणि बसवायच्या आधी पातेल्यात उकळून बघितला, दोऱ्याला टांगून, तळाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. ८६-८७ ला हळूच तोंड उघडलं, पोरं बघत बसली होती. वापरलेला थर्मोस्टॅट असा तपासणार असाल तर स्वयंपाकघरातलं पातेलं घेऊ नका, कूलंट विषारी असतं, एखादा जुना डबा वापरा.

तापतंय, पण आत पोचत नाही

समजा तुमचा आकडा व्यवस्थित ९० आहे तरी हवा कोमट. मग इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीतून आत जाणारे दोन रबरी पाईप शोधा, हेच हीटरचे. गाडी गरम असताना, कापड गुंडाळून, दोन्हीला हात लावा.

दोन्ही चांगलेच गरम असतील, हात ठेववत नाही इतके, तर कूलंटचा दोष नाही. हवेचा मामला आहे: आतला गरम-गार फिरवणारा फ्लॅप अडकलाय, त्याची मोटर गेलीय, किंवा केबिन फिल्टर इतका भरलाय की हवाच येत नाही. फिल्टर आधी बघा, मी एकाच्या गाडीतून अक्षरशः पिंपळाची पानं आणि उंदराचं घरटं काढलंय. फ्लॅपसाठी टेंपरेचरचं बटण गारवरून गरमवर फिरवा आणि डॅशबोर्डच्या मागे घुर्र आवाज येतो का ऐका. हा विषय एवढाच.

एक पाईप भाजतोय आणि दुसरा नुसता कोमट, तर कॉईल चोक आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आत जाणारा ८५ आणि बाहेर येणारा ७० असं काहीतरी चांगलं म्हणायचं, पण फरक तीसच्या पुढे गेला की कॉईलमधून नीट वाहत नाही. चोक का होते? आपल्या बोअरच्या पाण्यामुळे. बायकोच्या गिझरचा रॉड बघितलाय ना, पांढरा थर चढलेला? तेच कॉईलच्या बारीक नळ्यांत होतं. दुसरं कारण म्हणजे लिकेज बंद करायची पावडर. आणि तिसरं, हसू नका, हळद. ट्रकवाल्यांचा जुना तोडगा, रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची. रस्त्यात अडकलात तर गावापर्यंत पोचवेलही, पण जे गळतीचं भोक बुजवतं ते हीटर कॉईलची नळी पण बुजवणारच, त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

चोक कॉईल बदलायची म्हटलं तर बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी ऐकून घाम फुटतो. त्याआधी उलटं फ्लशिंग करून बघा. इंजिन पूर्ण गार, दोन्ही पाईप कॉईलपासून सोडवायचे, आणि कूलंट जिथून बाहेर येतं त्या बाजूने बागेच्या नळीने हळू पाणी सोडायचं, दुसऱ्या तोंडाला बादली. प्रेशर वॉशर अजिबात लावू नका, कॉईल फाटली तर पाय ठेवायच्या जागी तळं होईल. आधी तांबडं, मग गाळ, मग स्वच्छ. माझ्या गाडीतून निघालेलं पाणी बघून शेजारच्या काकांनी विचारलं, "लोणच्याचा खार टाकला होतास का काय?" शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून घ्या.

आणि दोन्ही पाईप गार किंवा जेमतेम कोमट, इंजिनचा आकडा मात्र ९०? मग एकतर हवा धरलीय, किंवा कूलंट कमी आहे, किंवा वॉटर बॉडी ढकलत नाहीये, किंवा ज्या गाड्यांत हीटरच्या पाईपला वॉल्व्ह असतो तिथे तो बंद अडकलाय. ओळखायची खूण सांगतो. उभ्या गाडीला गार आणि ॲक्सिलेटर दाबून दोन-अडीच हजारावर नेलं की हवा गरम, तर कूलंट कमी, हवा, किंवा पंप अशक्त. काही पंपांचा आतला पंखा प्लास्टिकचा असतो, तो झिजतो किंवा दांड्यावर सैल होऊन फिरतो, बाहेरून पंप ठणठणीत दिसतो. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल, गाडी सुरू केल्या केल्या, तर हवा नक्की.

हवा काढणं म्हणजे काही रॉकेट नाही पण धीर लागतो. गाडी अशी लावा की पुढची बाजू थोडी उंच राहील, चढावर तोंड करून. हीटर फुल्ल गरम, ब्लोअर एकवर. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करून कूलंटची सलग धार येईपर्यंत भरा आणि मग आवळा. नसेल तर बाटलीचं झाकण काढून गार इंजिन सुरू करा, वरचा पाईप हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, तेवढं भरत राहा. बुडबुडे थांबले, दोन्ही हीटर पाईप गरम झाले, की झाकण लावा, फॅन एकदा लागून बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेव्हल. काही गाड्या इतक्या हट्टी असतात की व्हॅक्यूम लावूनच भरावं लागतं, तिथे गॅरेज गाठा, उगाच इज्जतीचा प्रश्न करू नका.

डिझेलवाल्यांसाठी एक वाक्य: डिझेल इंजिन उभ्या गाडीला उष्णता फार कमी देतं, त्यामुळे कडक थंडीत सिग्नलला हीटर थोडा मंदावला तर तो दोष नाही, म्हणूनच थंड देशांतल्या डिझेल गाड्यांना वेगळा इलेक्ट्रिक हीटर देतात.

कूलंट जातंय कुठे? टर्बोवाल्यांनो इकडे

थर्मोस्टॅट लावला, कूलंट बदललं, हीटर मस्त. आणि तीन आठवड्यांनी लेव्हल बोटभर खाली. जमिनीवर थेंब नाही. इथे मी पंधरा दिवस डोकं खाजवलं.

झालं होतं असं. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत टर्बोच्या मधल्या भागाला ऑइलबरोबर कूलंट पण जातं, कारण एग्झॉस्टच्या बाजूला गॅस ९००-९५० डिग्रीपर्यंत जातो आणि गाडी बंद केली की ती सगळी उष्णता बेअरिंगकडे सरकते. (छोट्या डिझेलचे बरेच टर्बो नुसत्या ऑइलवर असतात.) तर या कूलंटच्या दोन बारीक लाइनी, टोकाला पोकळ बोल्ट, दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर (वॉशर). आजूबाजूला भट्टी असल्याने रबर कडक होतं, वायसर बसतात, आणि थेंब थेंब गळायला लागतं. पण तो थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, गरम हाऊसिंगवर पडतो आणि चर्र करून उडून जातो. खाली फरशी कोरडी, वर बाटली रिकामी.

सापडलं कसं तर वासाने. गाडी घाटातून आणून उभी केली, बॉनेट उघडलं, आणि काकवीसारखा गोडसर वास. दुसऱ्या दिवशी गार गाडीत मोबाईलचा टॉर्च टर्बोच्या मागे घातला तर पोकळ बोल्टाखाली गुलाबी-पांढरी पापडी, तव्यावर उतू गेलेलं दूध वाळल्यासारखी. ही पापडी म्हणजे पुरावा. दोन नवीन वायसर, चहाच्या दोन कपांएवढा खर्च. जुने वायसर परत वापरू नका, ते एकदा चेपले की चेपले. आणि बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच (म्हणजे तेवढ्याच जोराने) आवळायचा, पोकळ असतो, जास्त आवळला की पटकन तुटतो.

असं डोळ्यांना दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर. गार गाडीच्या बाटलीला हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरायचं, बऱ्याच गाड्यांना १.१ ते १.४ बार असतं, आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. पडला तर गळती आहे. गार इंजिनवर थेंब उडून जात नाही, म्हणून ही टेस्ट टर्बो गाडीत सोन्याची. सोबत झाकण पण तपासून घ्या, ते प्रेशर धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. लेहला साडेतीन हजार मीटरवर साधं पाणी ८८ च्या आसपास उकळतं, म्हणजे तिथे ढिलं झाकण आणि नळाचं पाणी घेऊन गेलात तर नीट चाललेल्या गाडीचं पण पातेलं होणार.

बाकीच्या जागा पटापट: रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांचा जोड, वॉटर बॉडीखालचं बारीक भोक (तिथून ओल म्हणजे सील गेलं), पाईपच्या क्लिपा. केबिनमध्ये गोड वास, काच आतून तेलकट धूसर, डावीकडचं कारपेट ओलं, तर हीटर कॉईल फुटलीय. फक्त एसीचं पाणी पण तिथेच पडतं कधीकधी, बोटाला लावून बघा, कूलंट असेल तर बुळबुळीत लागतं, आणि हात धुवा. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) आतून गळाला तर बाहेर काहीच दिसत नाही, कूलंट सरळ धुरातून जातं. काही टर्बो गाड्यांत इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा भाग) पण पाण्याचा असतो, त्याची बाटली वेगळी असते, भलत्याच बाटलीची लेव्हल बघून समाधान मानू नका.

ज्याची भीती असते ते

हेडचं पॅकिंग. टर्बोमुळे सिलिंडरमधलं प्रेशर जास्त, आणि गाडी एकदा जरी कडक तापली असेल तर इथे शंका घ्यायचीच. हीटरवरून ते असं कळतं: सपाट रस्त्याला गरम, खंबाटकी चढायला घेतला, टर्बोने जोर लावला, की हवा एकदम गार, आणि त्याच वेळी आकडा वर. कारण जळलेला गॅस कूलंटमध्ये घुसून वर कॉईलमध्ये जमतो. दुसरी खूण, रात्रभर गार असलेली गाडी सुरू करून दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक. कूलंट अजून तापलंच नाही तर एवढं प्रेशर आलं कुठून? बाटलीत सतत बुडबुडे, हवा काढून दमलात तरी थांबत नाहीत. गाडी तापल्यावरही एग्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. (थंडीत सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांची येते, तिला घाबरू नका.)

खात्री करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते, बाटलीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं झालं तर गॅस येतोय. ही टेस्ट केल्याशिवाय कुणी "हेड उघडू या" म्हणालं तर गाडी तिथून काढा. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पावडर, हळद, टॉपअप काही करत बसू नका, हेड उघडून फेसिंग करून (तळ घासून सपाट करून) नवीन पॅकिंगच. ऑइलच्या झाकणाखाली फेस दिसला म्हणून लगेच रडू नका, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणाने पण तो येतो. डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर) पण तसाच असेल तर मात्र रडा.

कूलंट कुठलं

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी-निळं हे नुसते रंग आहेत, कंपनीगणिक बदलतात, दोन वेगळ्या केमिस्ट्रीची मिसळली तर जेलीसारखं होऊ शकतं. डब्यावर रेडी टू यूज लिहिलंय का कॉन्सन्ट्रेट ते वाचा, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो ते. पंपावर पोरगा प्लास्टिकचा मग घेऊन आला की हात आडवा करायचा. रस्त्यात अगदीच अडलं तर बिसलेरी चालेल, पण घरी आल्यावर सगळं बदलायचं. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

सगळं झाल्यावर मी बाटलीवर मार्करने त्या दिवशीच्या लेव्हलला रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, एक नजर. आता पाच महिने झाले, रेघ जिथली तिथे आहे. आणि मे महिन्यात भर उन्हात मी महिन्यातून एकदा पाच मिनिटं हीटर फुल्ल लावतो, सगळ्या काचा खाली करून. बायको म्हणते येड लागलंय.